देवाचें नांव आणि खोटें नाणें

भंडारदऱ्याचें धरण व रतनवाडीचें अमृतेश्वराचें देऊळ पाहून परतलेल्या एका सुशिक्षित स्नेह्यांनीं आम्हांस मोठ्या भक्तिभावानें तांब्याचें एक नाणें दाखविलें. एका बाजूस रामदरबार. दुसरीकडे ‘ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, १८१८’ अशीं इंग्रजी अक्षरें. कंपनीसरकारनें रामनवमीप्रीत्यर्थ तें पाडलें, अशी त्यांची खात्री! असलीं ‘नाणीं’ कित्येक देवघरांत पूजिलीं जातात. म्हणून या भ्रमाचा निषेध करणें आम्हांस प्राप्त आहे.

सरकारें धर्मोत्सवांचीं नाणीं पाडीत नाहींत, असें आमचें म्हणणें नाहीं. रोमचा बादशहा डोमिशियन यानें इ. स. ८८ मध्यें शतकोत्सव केला, तेव्हां तांब्यापितळेचीं नाणीं पाडविलीं. त्यांवर आहुति देणारा बादशहा, वादक, बळीचा पशु व धूपद्रव्यांचें वाटप हे प्रसंग आहेत. उत्सवाचें नांव व बादशहाचें चौदावें कॉन्सलपदही कोरलें आहे. प्रसंग, कर्ता व काल एकमेकांशीं जुळतात. म्हणूनच तें क्षुद्र नाणें इतिहासाचा साक्षीदार ठरतें.

आतां आपल्या रामदरबाराची साक्ष तपासूं. ब्रिटिश हिंदुस्थानांत एक आण्याचें नाणें चालूं झालें तें १९०७ सालीं, आणि तेंही तांबें-निकेलच्या मिश्रणाचें. मग १८१८ चा हा तांब्याचा आणा आला कोठून? कांहींवर तर १६१६ साल आहे. कंपनीच्या हातीं मुंबईच मुळीं १६६८ सालीं आली! मुंबई इलाख्यांतील कंपनीच्या पैशावर तराजू व ‘अदल’ हा फारसी शब्द असे, देव नसे. मद्रासेकडील होनांवर विष्णु होता, हें खरें. पण ते होन सोन्याचे, आणि तेथील जुन्या व्यवहारास धरून पाडलेले.

रामटंक्यास आमचा विरोध नाहीं. तो टाक म्हणून खुशाल पूजावा. परंतु देवाच्या नांवावर खोटा इतिहास विकणें हा अधर्म होय. ‘तांदूळ ओढणारें नाणें’ म्हणून हेच तुकडे भोळ्यांच्या गळ्यांत बांधले जातात, आणि आयुष्याची पुंजी बुडते. लोहचुंबकाची करामत आणि लोभ, याहून त्यांत दैवी असें कांहीं नाहीं.

उलट ‘श्री राजा शिव’ अशीं अक्षरें मिरविणारी खरी शिवराई मात्र मोडींत जाते! शेतांत जुनीं नाणीं सांपडलीं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरास कळवावें, हें किती सुशिक्षितांस ठाऊक आहे? खऱ्याची हेळसांड आणि खोट्याची आरती, हें कोणत्याच धर्मांत बसत नाहीं.