बोर्डावरच्या माणसाचा पगार कोण ठरवतो? : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ना. श्री. आकाश फुंडकर,
कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : रुग्णालये व शासकीय कार्यालयांतील कंत्राटी टेलिफोन ऑपरेटरांचे वेतन

महोदय,

अर्ज देऊन झाले. पोच घेऊन झाली. "साहेब दौऱ्यावर आहेत", "फाईल वर गेली आहे", "हा विषय आमच्याकडे येत नाही" ही तिन्ही उत्तरे पाठ झाली. ज्या कार्यालयांनी ती दिली त्यांची नावे इथे लिहीत नाही. ज्या रुग्णालयाबद्दल आणि ज्या कंत्राटदाराबद्दल लिहिते आहे, त्यांचीही नावे घेत नाही. नाव छापले तर दुसऱ्या दिवशी टेलिफोन बोर्डावरच्या मुलीला "उद्यापासून येऊ नको" असा निरोप मिळेल, हे मला ठाऊक आहे. तुम्ही खामगावचे आमदार आहात आणि राज्याचे कामगार खातेही तुमच्याकडे आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाने या प्रश्नासाठी आणखी कोणाच्या दाराशी जायचे?

मी टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. कानाला हेडफोन, समोर कॉर्डबोर्ड, ट्रंक कॉलची बुकिंग, अर्जंट आणि लाइटनिंग कॉलचे हिशेब यांत माझी सगळी नोकरी झाली. म्हणून या कामात काय कसब लागते ते मला कुणी शिकवू नये. आणि आज त्या कामाला किती पैसे मिळतात हे पाहून मला संताप येतो.

आधी सरकारी दर सांगते. सातव्या वेतन आयोगानुसार राज्याच्या आरोग्य विभागातल्या दूरध्वनीचालकाची वेतनश्रेणी एस-6 आहे, म्हणजे 19,900 ते 63,200 रुपये. लिपिक-टंकलेखकाची श्रेणीही हीच. नव्या माणसाचे मूळ वेतन 19,900. 1 जुलै 2024 चा 53 टक्के महागाई भत्ता धरला तरी त्यात 10,547 रुपयांची भर पडते. झाले 30,447. घरभाडे आणि वाहतूक भत्ता वेगळा, दरवर्षीची वेतनवाढ वेगळी, रजा आणि वैद्यकीय प्रतिपूर्ती वेगळी. या दराबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कामाला शोभेल असाच तो आहे.

आता त्याच कामाचा दुसरा दर पाहा. आपल्याच जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाच्या बोर्डावर कंत्राटदारामार्फत बसणाऱ्या एका मुलीचा हिशेब मी तिच्याजवळ बसून मांडला. कागदावर तिचे वेतन 13,000 रुपये. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,560 आणि कर्मचारी राज्य विमा योजनेचे 0.75 टक्के म्हणजे 98 रुपये वजा. महिलांना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही. म्हणजे हातात 11,342 रुपये यायला हवेत. तिच्या खात्यात येतात 9,000. मधल्या 2,342 रुपयांचे काय होते, ते तिला कोणी सांगत नाही. पगारपत्रक मागितले तर मिळत नाही. भविष्य निधीचे पासबुक उघडून पाहिले तर कित्येक महिन्यांची नोंदच नाही. तिच्या वेतनातून कापलेले 1,560 आणि मालकाच्या वाट्याचे 13 टक्के म्हणजे 1,690, असे दरमहा 3,250 रुपये जिथे जमा व्हायला हवेत तिथे दिसत नाहीत.

आणि ही झाली फक्त कापलेल्या पैशांची गोष्ट. न दिलेले पैसे याहून कितीतरी जास्त आहेत.

रुग्णालयाचा बोर्ड चोवीस तास चालतो. आठवड्याचे 168 तास. एका माणसाने आठवड्याला 48 तास काम करायचे धरले तर साडेतीन माणसे लागतात. आजारपण आणि रजा धरली तर चारच्या खाली भागत नाही. तिथे आहेत दोन मुली. बारा-बारा तासांची पाळी, साप्ताहिक सुटी नाही, आठवड्याला प्रत्येकी 84 तास. म्हणजे 36 तास जादा. 13,000 ला 26 दिवसांनी भागले की दिवसाचे 500, तासाचे साडेबासष्ट रुपये. जादा कामाला दुप्पट दर हा कायदा, म्हणजे तासाला 125. 36 तासांचे आठवड्याला 4,500 आणि चार आठवड्यांचे 18,000 रुपये. साहेब, कागदावरच्या 13,000 मध्ये हे 18,000 मिळवा. 31,000 होतात! ज्या मुलीला 9,000 वर राबवले जाते, तिला नुसता कायदा पाळून पैसे दिले असते तरी ती नियमित दूरध्वनीचालकाच्या सुरुवातीच्या पगाराला पोचली असती. या पत्रात मी तिच्यासाठी नवी सवलत मागत नाही. तिचे आजवरचे थकलेले पैसे मागते आहे.

"नुसता फोन उचलायचा, त्यात काय कौशल्य?" हे वाक्य मी एका जबाबदार माणसाच्या तोंडून ऐकले. कंत्राटात या मुलींना मदतनीस म्हणून दाखवतात ते याच समजुतीतून, कारण मदतनीस लिहिले की वेतनाचा दर खालचा लागतो. म्हणून या कामात काय असते ते लिहिते. बाळंतीण घेऊन गाडी निघाली, डॉक्टर आहेत का, असे विचारणारा संग्रामपूरकडचा माणूस धापा टाकत वऱ्हाडीत बोलत असतो. त्याला विभाग माहीत नसतो, एक्स्टेन्शन माहीत नसते, कधी कधी रुग्णालयाचे पूर्ण नावही माहीत नसते. ऑपरेटरने पाच-सात सेकंदांत ओळखायचे की हा फोन अपघात विभागाचा, प्रसूतीचा की रक्तपेढीचा. ऑन-कॉल डॉक्टरांची यादी डोक्यात हवी. कोणाचा मोबाइल लागत नाही, कोणाच्या घरी लँडलाइन आहे, कोण अकोल्याला गेले आहे, हे ठाऊक हवे. एक लाइन होल्डवर, दुसरी रडणारी, तिसरी वरिष्ठांची. त्यातच नोंदवहीत वेळ टाकायची, कारण उद्या चौकशी लागली तर त्याच वहीतली वेळ बघितली जाते. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटली आणि 25 प्रवासी जळून मेले. अशा रात्री नातेवाईक, पोलीस, पत्रकार आणि मंत्रालय हे सगळे फोनच लावतात, आणि तो कोणीतरी उचलावा लागतो.

त्या जागी यंत्र बसवता येते हेही मला ऐकवले गेले. "मराठीसाठी एक दाबा" बँकेत चालते. घाबरलेल्या माणसाला ते चालत नाही.

मग इतक्या कसबाच्या कामाचा पगार असा का? माझ्या मते पगार ठरतो तो ऑपरेटरचे नाव कोणाच्या हजेरीपटावर आहे यावर. शासनाच्या पटावर असेल तर 30,447, कंत्राटदाराच्या पटावर असेल तर 9,000. बोर्ड तोच असतो, फोन करणारा माणूसही तोच. बाकी कारणे त्याच्या खालची आहेत, पण तीही तुमच्या खात्याशी जोडलेली आहेत. किमान वेतनाच्या अधिसूचनांत राज्याची परिमंडळे पाडतात आणि महानगरपालिकांची क्षेत्रे वरच्या परिमंडळात जातात. बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत, महानगरपालिका एकही नाही. त्यामुळे आमच्या ऑपरेटरचा कायदेशीर दरच मुळात खालचा. त्यात दुसरी नोकरी कुठे आहे? माझे जुने खाते म्हणजे आजचे बीएसएनएल; तिथे 31 जानेवारी 2020 या एका दिवशी 78 हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. ज्या खात्याने माझ्यासारख्या मुलींना पेन्शनपर्यंत पोचवले, त्याचे दार नव्या ऑपरेटरसाठी बंद झाले आहे. कंत्राटदाराला हे पक्के माहीत आहे.

आणखी एक नुकसान होते, ते कोणी मोजत नाही. टेलिफोन ऑपरेटरचे पद दृष्टिहीनांसाठी निश्चित केलेल्या पदांपैकी आहे. किती तरी अंध मुलामुलींनी या एका प्रशिक्षणावर संसार उभे केले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय नोकरीत 4 टक्के आरक्षण दिले, त्यातला 1 टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांचा. पण पदच कंत्राटात गेले की आरक्षण कशाला लागणार? कंत्राटदार काही बिंदुनामावली पाळत नाही.

यापूर्वी आमच्या खात्यातही हेच झाले होते. 1980 च्या सुमारास आरटीपी नावाने राखीव प्रशिक्षित ऑपरेटर नेमून त्यांना तासांवर मजुरी दिली जाई. ती माणसे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात गेली आणि 1986 साली त्याच्या जबलपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. 27 ऑक्टोबर 1987 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डाक-तार खात्यातल्या रोजंदारी कामगारांना नियमित कामगारांच्या वेतनश्रेणीतले किमान वेतन महागाई भत्त्यासह द्या, असा आदेश दिला. 26 ऑक्टोबर 2016 रोजी जगजित सिंग प्रकरणात न्यायमूर्ती खेहर आणि आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती बोबडे यांनी समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट सांगितले. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे न्यायालये एकच गोष्ट सांगत आली आहेत. त्यावर सरकारी यंत्रणेने शोधलेला उपाय म्हणजे कंत्राटदार. मध्ये तो उभा केला की "ती आमची कर्मचारीच नाही" असे म्हणता येते. हा आरोप आहे आणि मी तो जाणूनबुजून करते आहे.

तुमच्या खात्याच्या कागदांकडेही बघा. 6 सप्टेंबर 2023 चा बाह्यस्रोत भरतीचा शासन निर्णय उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाच्याच नावाने निघाला होता. लोक रस्त्यावर आल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. तेव्हा तुम्ही मंत्री नव्हता. पण निर्णय मागे घेतल्यावर आधीच कंत्राटात असलेल्यांचे काय, हा प्रश्न तेव्हाही कुणी घेतला नाही आणि डिसेंबर 2024 मध्ये तुम्ही शपथ घेतल्यानंतरही आमच्यापर्यंत काही पोचले नाही. सप्टेंबर 2025 मध्ये दुकाने व आस्थापनांतले रोजचे कामाचे तास 9 वरून 10 करायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. बारा-बारा तास बसणाऱ्या माणसांना मोबदला मिळतो का, हे तपासायला मात्र कोणी आले नाही.

कायदा नाही असे म्हणायला जागा नाही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 21(4) मध्ये स्पष्ट होते की कंत्राटदाराने वेतन बुडवले तर मूळ मालकाने ते द्यायचे आणि कंत्राटदाराकडून वसूल करायचे. 21 नोव्हेंबर 2025 पासून श्रम संहिता आल्या, त्यांतही मूळ मालकाची ही जबाबदारी कायम आहे. किमान वेतन कायद्यात दंड होता फार तर 500 रुपये. वेतन संहितेत कमी वेतन दिल्यास 50,000 पर्यंत दंड आहे. पण त्याच संहितेने निरीक्षकाला 'सुलभकर्ता'ही केले आणि काही गुन्ह्यांत खटल्याआधी मालकाला चूक सुधारण्याची संधी द्यायला सांगितले. मालकाला संधी मिळते. पासबुक कोरे असलेल्या मुलीने मात्र वकील शोधायचा, असे का?

म्हणून मागण्या करते, आणि त्या सगळ्या तुमच्या अधिकारातल्या किंवा तुमच्या एका पत्राने होणाऱ्या आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक शासकीय व निमशासकीय बोर्डावर कंत्राटी ऑपरेटर किती आणि त्यांच्या नावाने कंत्राटदाराने किती बिल उचलले, ही माहिती जाहीर करा. बिल मंजूर करण्याआधी कामगाराच्या बँक खात्यातली जमा आणि भविष्य निधीची पावती पाहायची, असे आदेश काढा. ऑपरेटरला मदतनीस दाखवणारी कंत्राटे तपासा आणि कुशल कामगाराचा दर लावा. जादा तासांची थकबाकी मूळ मालकाकडून वसूल करा. आरोग्यमंत्र्यांशी बोलून दूरध्वनीचालकांची रिक्त पदे दिव्यांग आरक्षणासह भरायला लावा. बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे, तिथले फोन वाढतच जाणार आहेत. तिथला बोर्ड तरी कंत्राटदाराच्या हाती देऊ नका.

चौकशी लावाल तर एक विनंती आहे. अधिकाऱ्यांना आधी कळवून, दिवसाच्या पाळीत पाठवू नका. त्यांना रात्री पाठवा, कंत्राटदाराच्या माणसाशिवाय पाठवा, आणि जी मुलगी बोलेल तिचे काम जाणार नाही याची लेखी हमी त्यांच्या हातात द्या.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे, असे वेतन संहिता सांगते. मी जिच्याबद्दल लिहिले, तिचा गेल्या दोन महिन्यांचा पगार हे पत्र लिहीपर्यंत झालेला नाही.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
खामगाव, जि. बुलढाणा