जर्नल भरले, हात कोराच

1983 साली विनाअनुदानित अभियांत्रिकी शिक्षणाची वाट मोकळी झाली आणि लोणी, संगमनेर, कोपरगाव या नगर जिल्ह्याच्या साखरपट्ट्यात त्याच वर्षी महाविद्यालये निघाली. काम मोठेच झाले. पण प्रोग्रॅमिंगपुरता एक समज राज्यभर घट्ट आहे: आधी थिअरी पक्की करा, कोड मागाहून येतोच. मग प्रॅक्टिकल म्हणजे सिनिअरच्या जर्नलवरून प्रोग्रॅम उतरवायचा आणि सबमिशनला सही घ्यायची. वाचून कळले म्हणजे आले, हे गृहीतच मुळात कच्चे आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा वारंवार वाचणाऱ्यांना स्वतःच्या तयारीचा भरवसा अधिक होता. आठवड्यानंतर मात्र जास्त आठवले ते न पाहता आठवून लिहिणाऱ्यांनाच. यावर जाणकार स्वेलर आणि कूपर यांचा 1985 चा अभ्यास पुढे करतील: नवख्याला सोडवलेली उदाहरणेच अधिक शिकवतात. मान्य. पण ती बीजगणिताची उदाहरणे अभ्यासून मुलांना लगेच तसेच गणित स्वतः सोडवायचे होते. जर्नलमध्ये ही दुसरी पायरीच नसते.

ती कशी असावी, याचा धडा जिल्ह्यातच आहे. हिवरे बाजारला पावसाच्या नोंदींवरून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिके ठरवतात. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. हा हिशेब पाचसात ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बसतो. खरी परीक्षा पुढेच आहे. नोंदवहीत एका दिवसाचा रकाना रिकामा असला, तर त्या दिवशी पाऊस नव्हता की मोजायचे राहिले? रिकाम्याला शून्य धरले तर प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो आणि बेरीज मुकाट्याने चुकते. एरर आली असती तर बरे, असे वाटायला लावणारी ही चूक व्याख्या पाठ करून सापडत नाही. आलेले उत्तर वहीशी ताडून पाहावे लागते. आता एआय क्षणात कोड देतो, मग ही खटपट कशाला, असा नवा आक्षेप आहे. कोड तो देईल, कदाचित रिकाम्या रकान्याबद्दल विचारीलही. पण त्या दिवशी पाऊस पडला होता का, हे त्याला कुठून ठाऊक? ते गावात विचारावे लागते, आणि विचारायचे सुचते ते अशा चुका स्वतः निस्तरलेल्यालाच.

म्हणून परीक्षकांना विनंती आहे: ओरलला व्याख्या विचारू नका. विद्यार्थ्याच्याच प्रोग्रॅममधली एक ओळ बिघडवा, त्याला संगणकासमोर बसवा आणि दुरुस्तीला वीस मिनिटे द्या.