परदेशी शहर आणि सत्तरीतले गुडघे

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेला ८० वर्षांचा एक प्रवासी इमिग्रेशनपाशी कोसळला आणि दगावला. पती-पत्नी दोघांसाठीही व्हीलचेअर आधीच सांगितलेली होती. मिळाली एकच. दुसरीसाठी थोडे थांबा, असे सांगण्यात आले. पण पत्नीला खुर्चीत बसवून आजोबा तिच्या शेजारून चालत निघाले. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने नंतर विमान कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला आणि पुढचे काही दिवस चर्चा रंगली ती व्हीलचेअरच्या तुटवड्याची. चौदा-पंधरा तास बसून आलेल्या वृद्ध शरीराला लगेच लांबचे अंतर चालायला लावले तर काय होते, या प्रश्नाकडे मात्र फारसे कुणी वळले नाही.

हा प्रश्न आता घरोघरी येणार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात २०२२ मध्ये साठीपुढचे सुमारे १४.९ कोटी लोक होते; २०५० पर्यंत ही संख्या ३४.७ कोटींवर जाईल. मुलगा किंवा मुलगी परदेशात नोकरीला असणे मराठी मध्यमवर्गात नवे राहिलेले नाही. नसली तरी ‘आई-बाबांना एकदा बाहेरचे जग दाखवायचे’ ही इच्छा असतेच. मग सिंगापूर, दुबई, लंडन, पॅरिस अशी नावे निघतात, तिकिटे काढली जातात आणि कार्यक्रम आखला जातो तो मात्र पस्तिशीतल्या माणसाच्या वेगाने.

सुरुवात विमानापासूनच होते. केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाएवढा ठेवलेला असतो. म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट उंचीवर कित्येक तास बसून राहण्यासारखेच. निरोगी माणसाच्या रक्तातला प्राणवायू तेवढ्याने थोडा घटतो आणि त्याला ते जाणवतही नाही. पण दमा, सीओपीडी, अशक्त हृदय किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्यांकडे ही घट सोसण्याची शिल्लक कमी असते. डॉक्टरांचा एक जुना ठोकताळा आहे : पन्नास मीटर सपाट चालणे किंवा जिन्याच्या दहा-बारा पायऱ्या चढणे धाप न लागता जमते का? नसेल जमत, तर तिकिटाआधी तपासणी. हा ठोकताळा शंभर टक्के भरवशाचा नाही, पण घरच्या घरी करून पाहता येतो.

केबिनमधली हवा कोरडी असते, आर्द्रता बऱ्याचदा वीस टक्क्यांच्याही खाली. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते. त्यात भर घालते एक सवय, जी जवळजवळ प्रत्येक घरात दिसते : ‘सारखे उठावे लागेल’ म्हणून आई प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाही आणि बाबा रक्तदाबाची, लघवी जास्त होणारी गोळी परस्पर टाळतात. दोन्ही गोष्टी शेजाऱ्यांना त्रास नको या भिडेपोटी केलेल्या असतात, पण परिणाम नेमका उलटा होतो. शरीरातले पाणी कमी झाले की उठून उभे राहताना रक्तदाब घसरतो, चक्कर येते आणि तोल जातो. यावर साधा उपाय म्हणजे पॅसेजलगतची, स्वच्छतागृहाजवळची जागा. गोळीची वेळ पुढेमागे करायची तर ती डॉक्टरांना विचारून.

पायात रक्ताची गुठळी होण्याच्या भीतीबद्दल थोडे प्रमाणात बोलायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो, असे आढळले; पण निरोगी माणसात तो दुप्पट होऊनही सहा हजारांत एक एवढाच राहतो. नुकतीच गुडघा किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचे, पूर्वी गुठळी झालेल्यांचे आणि कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. त्यांनी पायमोजे किंवा औषधाचा निर्णय डॉक्टरांकडूनच घ्यावा. ‘ॲस्पिरिन घेऊन टाका’ हा प्रवासी ग्रुपवरचा सल्ला त्यांच्या कामाचा नाही.

खरी परीक्षा मात्र उतरल्यानंतर. शहरातली सहल म्हणजे चालणे, आणि चालण्यापेक्षाही उभे राहणे. रोज सकाळी टेकडीवर किंवा बागेत तीन किलोमीटर सहज फिरणारे आजोबा संग्रहालयात तासाभरात गळून जातात, याचे घरच्यांना नवल वाटते. त्यात नवल काही नाही. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत राहतात. चित्रासमोर किंवा रांगेत उभे राहिले की ते काम थांबते, रक्त पायात साचते, कंबर भरून येते. पॅरिसचे लूव्र संग्रहालय व्हीलचेअर विनामूल्य वापरायला देते. ती घ्यायला बाबा तयार होतील का, हा वेगळा प्रश्न. पुष्कळदा अडचण खुर्चीची नसते, ‘मला काय झालंय?’ ही असते. तिथे वाद घालण्यापेक्षा घडीची काठी-खुर्ची सोबत असणे जास्त उपयोगी पडते.

शहर निवडताना प्रेक्षणीय स्थळांआधी पायऱ्या पाहाव्यात. या बाबतीत जुनी, नावाजलेली शहरे मागे आहेत. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ ची. तिच्या २७२ स्थानकांपैकी साधारण एक तृतीयांश स्थानकांतच पायऱ्या न चढता रस्त्यावर येता येते. पॅरिसची मेट्रो १९०० ची, स्थानके तीनशेच्या वर, पण पूर्णपणे पायऱ्यांविना वापरता येते ती एक १४ क्रमांकाची मार्गिका. २०२४ च्या पॅरालिम्पिकच्या वेळी यावरून तिथेही बरीच टीका झाली. व्हेनिसमध्ये तर चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. याउलट सिंगापूरच्या प्रत्येक एमआरटी स्थानकात लिफ्टसह पायऱ्यांविना जाणारा किमान एक मार्ग आहे, आणि २००९ मध्ये सुरू झालेल्या दुबई मेट्रोतही लिफ्ट आहेत. लंडन-पॅरिसला जाऊच नये असे नाही. तिथल्या बस खालच्या पायरीच्या आहेत, बसून जाता येते आणि खिडकीतून शहरही दिसते. भुयारातून धावण्यापेक्षा सत्तरीतल्या पाहुण्यांना तीच अधिक आवडते, असा बऱ्याच कुटुंबांचा अनुभव आहे.

‘युरोप थंड, म्हणून मे-जूनमध्ये तिकडे’ हे समीकरणही आता तपासून घ्यावे लागेल. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार लोक दगावले, त्यांत बहुतांश वृद्ध. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनने प्रथमच ४० अंश ओलांडले. जुलै २०२५ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये उकाडा इतका वाढला की आयफेल टॉवरचा वरचा मजला पर्यटकांसाठी बंद ठेवावा लागला. नागपूर-अकोल्याच्या माणसाला ४० अंशांचे काय कौतुक, असे वाटेल. पण नागपूरकर दुपारी बारा ते चार घरात कूलरसमोर असतो. तिथे त्याच वेळात तो रांगेत उभा असतो, आणि रात्री परततो त्या हॉटेलात अनेकदा एसी किंवा पंखा नसतो. खोली घेताना हे विचारावे. त्याबरोबर न्हाणीघरात टबवर चढून आंघोळ करावी लागते का, हेही. अनोळखी खोलीत रात्री अंधारात बाथरूम शोधताना ज्येष्ठ मंडळी पडतात. दहा-वीस रुपयांचा छोटा रात्रदिवा, तिथल्या प्लगच्या अडॅप्टरसह, बॅगेत टाकला तर तो अपघात टळू शकतो.

औषधांची पिशवी केबिन बॅगेतच हवी. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात गोठू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. पण कायद्याची बाजू अनेकांच्या गावीही नसते. मधुमेहात पायांच्या आगीसाठी दिले जाणारे प्रीगॅबालिन किंवा दुखण्यावरचे ट्रामाडोल आपल्याकडे नेहमीची औषधे. संयुक्त अरब अमिरातीत ती नियंत्रित आहेत आणि नेण्याआधी ऑनलाइन परवानगी लागते. सिंगापूरमध्ये झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्यांसाठी तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. आणि फराळाच्या डब्याकडेही एकदा पाहावे : अमिरातीत खसखशीला बंदी आहे, सिंगापूरमध्येही ती मोकळेपणाने नेता येत नाही. दिवाळीत लेकीकडे निघालेल्या आईच्या अनारशांवर तीच असते.

राहिला विम्याचा प्रश्न. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे आहे, म्हणून पॉलिसी काढली जाते. सर्वांत स्वस्त, आणि अर्जात रक्तदाब-मधुमेहाच्या रकान्यात ‘नाही’ लिहून. इथे खरा घोळ होतो. आधीपासूनच्या आजारासाठी अनेक प्रवास विमा योजना फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगात आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच पैसे देतात. आजार लपवला असेल तर दावा फेटाळायला कारण मिळते. सिंगापूरसारख्या ठिकाणी परदेशी रुग्णाला सरकारी रुग्णालयातही सवलत नसते, पूर्ण बिल भरावे लागते. हप्ता दुप्पट झाला तरी आजार सांगूनच पॉलिसी घ्यावी, आणि मर्यादेचा आकडा पैसे भरण्याआधी वाचावा.

आई-बाबांच्या खिशात एक चिठ्ठी असावी : आजार, ॲलर्जी, रक्तगट, विमा कंपनीचा मदत क्रमांक, सोबतच्या माणसाचा फोन आणि औषधांची यादी. यादीत गोळीचे दुकानातले नाव पुरत नाही. भारतातली ब्रँडची नावे तिथल्या डॉक्टरला ओळखता येत नाहीत; त्याला मूळ औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम लागतात. ही यादी घरच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत, छापील अक्षरात करून घ्यावी आणि तिची एक प्रत हॉटेलच्या खोलीतही ठेवावी.