हिशेब डब्याचा नको, वर्षाचा हवा

गॅरेजच्या काउंटरवर इंजिन ऑईलचे दोन डबे शेजारी शेजारी असतात. एक मिनरल, दुसरा फुली सिंथेटिक आणि भावात जवळपास दुप्पट. इथेच गाडीवाल्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘तेल ते तेलच, उगाच जादा पैसे कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘सिंथेटिक दुप्पट टिकतं, म्हणजे वर्षाकाठी स्वस्तच पडतं.’ मला दोन्ही म्हणणी मान्य नाहीत.

आधी पहिलं. खनिज तेल शुद्ध केलं तरी त्यात लहानमोठे रेणू आणि थोडं मेण उरतंच. सिंथेटिकचे रेणू घडवलेले किंवा जबर प्रक्रियेने सुधारलेले असतात, त्यामुळे ते उष्णतेत उशिरा सडतं आणि थंडीत लवकर वाहतं. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१७ मध्ये दोन्ही प्रकारच्या तेलांची चाचणी घेतली. सिंथेटिक सरासरी ४७ टक्के सरस ठरलं. तेव्हा ‘तेल ते तेलच’ हे टिकत नाही.

पण सरस म्हणजे स्वस्त नव्हे. त्याच संघटनेने खर्चही मांडला होता आणि त्यात सिंथेटिक वर्षाला ६४ डॉलरने महागच पडलं होतं. शिवाय तिकडच्या गोठवणाऱ्या पहाटे ही आपली अडचण नाही. थंडीत लवकर वाहणाऱ्या ५डब्ल्यू ग्रेडच्या तेलाची स्टार्टिंगची चाचणी उणे ३० अंशांवर होते, जाड २०डब्ल्यूची उणे १५ वर. निफाडची कडाक्याची थंडीसुद्धा त्याच्या आसपास जात नाही. थंडीतला तो मोठा फायदा आपल्या वाट्याला थोडाच येतो.

आता आपला हिशेब करू. समजा, इंजिनला साडेतीन लिटर तेल लागतं. मिनरल ३५० रुपये लिटर, सिंथेटिक ७०० रुपये, फिल्टर आणि मजुरी मिळून ५००. एका बदलीला मिनरलचे १,७२५ रुपये, सिंथेटिकचे २,९५०. गाडी वर्षाला २०,००० किलोमीटर धावते. मिनरल दर ५,००० ला बदललं तर चार वेळा, ६,९०० रुपये. सिंथेटिक दर १०,००० ला बदललं तर दोन वेळा, ५,९००. हजार रुपये वाचले, दुसरा पक्ष जिंकला.

मात्र हीच गाडी वर्षाला ५,००० किलोमीटरच धावत असेल तर? बहुतेक मॅन्युअलमध्ये ‘इतके किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते’ असं लिहिलेलं असतं. मग दोन्ही तेलं वर्षातून एकदाच बदलायची आणि सिंथेटिक १,२२५ रुपयांनी महाग. आणि कंपनीने त्या इंजिनात दोन्ही तेलांना १०,००० ची मुभा दिली असेल, तर २०,००० किलोमीटरलाही मिनरलचे ३,४५० रुपये होतात, सिंथेटिकचे ५,९००. तेव्हा निकाल डब्यावरच्या भावाने लागत नाही. तो दोन बदल्यांमधल्या अंतराने लागतो.

हे अंतर नेमकं कुठे हातातून निसटतं, ते मी गेल्या सर्व्हिसिंगला पाहिलं. गाडीत सिंथेटिक होतं. ड्रेन बोल्ट सुटला, काळंभोर तेल ट्रेमध्ये उतरलं. मेकॅनिकने दोन बोटांवर घेऊन दाखवलं : ‘साहेब, किती काळं झालंय बघा. पाच हजारांतच बदलत जा.’ आणि दाराच्या आतल्या बाजूला तसा स्टिकरही लावला. तो मनापासून सांगत होता, पण तेल काळं होणं म्हणजे खराब होणं नव्हे. तेलातली रसायनं काजळी पकडून ठेवतात, म्हणून ते काळं पडतं. तेल आपलं काम करत असतं. त्या स्टिकरप्रमाणे वागलो असतो, तर वर्षाच्या २०,००० किलोमीटरला चार बदल्या, म्हणजे ११,८०० रुपये. महाग तेल घ्यायचं आणि स्वस्त तेलाच्या अंतराने फेकायचं, यासारखा तोटा नाही. शिवाय दर बदलीला साडेतीन लिटर जळकं तेल वाढतं, ते वेगळंच.

म्हणून माझं मत असं. आधी मॅन्युअल उघडा. टर्बो इंजिनाला विशिष्ट दर्जाचं सिंथेटिकच सांगितलं असेल, तर तिथे काटकसरीला जागा नाही; बिघडलेला टर्बो कितीतरी वर्षांच्या तेलाचे पैसे खाऊन टाकेल. दोन्ही तेलं चालत असतील, तर वर्षाचे किलोमीटर मोजा. हायवेवर रोज धावणाऱ्याने, अंतर खरंच वाढणार असेल तर, सिंथेटिक घ्यावं. भाजीबाजारापुरती गाडी काढणाऱ्याने योग्य ग्रेडचं मिनरल घालून दर वर्षी वेळेवर बदलावं. कारण छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, आणि तेलात शिरलेली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाहीत. ट्रॅफिक, धूळ, घाट अशा कष्टाच्या वापराला मॅन्युअल कमी अंतर सांगत असेल, तर तेच पाळावं.

घरी आल्यावर मी तो स्टिकर काढला आणि त्या जागी मॅन्युअलमधला आकडा लिहिला : १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. माझी बचत त्या आकड्यात आहे, डब्यात नाही.