लाल बटणाची गोष्ट

शुक्रवार संध्याकाळ, डोक्यावर डेडलाइन, आणि भवानीनगरहून आईचा फोन. ‘मिक्सर गेला गं. चटणी अर्धीच राहिली.’

आपण काय करतो? नेटवर जातो. पहिल्याच व्हिडिओत एक गोरा बाबा गॅरेजमध्ये मल्टीमीटर घेऊन बसलेला. पाच मिनिटांत मी हार मानली आणि नवा मिक्सर कार्टमध्ये टाकला.

शनिवारी घरी पोचले तर जुनाच मिक्सर मस्त घरघरत होता. मोटर रिवाइंडिंगवाल्या काकांनी तो उलटा केला आणि तळाचं लाल बटण दाबलं. बस्स! भांडं गच्च भरलं की मोटरवर ताण येतो, बटण सटकून वीज तोडतं. मोटर गार होऊ द्यायची, भांडं थोडं रिकामं करायचं, बटण दाबायचं. पैसे? ‘बटण दाबायचं काय घ्यायचं ताई?’

मला जाम लाज वाटली, आणि तिथेच एक आयडिया आली. आमच्या गावापुरती रिपेअरची एक सामायिक वही करायची. नेटवर, मराठीत, फुकट. कुणीही वाचावी, कुणीही भर घालावी.

हा फंडा काही माझा नाही. 2003 मध्ये कॅलिफोर्नियातल्या काइल वीन्स आणि ल्यूक सूल्स या कॉलेजच्या पोरांना लॅपटॉप उघडायचा होता आणि मॅन्युअल कुठेच मिळेना. त्यातून ‘आयफिक्सइट’ उभं राहिलं. आज तिथे हजारो वस्तूंच्या दुरुस्तीची माहिती फुकट मिळते. आपल्याकडेही डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. पण आमच्या बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवर थर चढतो, तो किती दिवसांनी काढायचा, हे कुठलं मॅन्युअल सांगणार? ते काकांनाच माहीत.

म्हणून रविवारी दुकानात ठाण मांडलं. काका बोलत होते, मी लिहीत होते. पंखा सगळ्या नंबरांवर हळूच फिरतोय? बहुतेक वेळा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. छताच्या पंख्याला साधारण अडीच मायक्रोफॅरडचा लागतो. ‘पण मेन स्विच बंद केल्याबिगर हात लावायचा न्हाई, हे आधी लिवा. मोठ्या अक्षरात.’ लिहिलं.

मग माझी नजर फळीवरच्या ऑइलनं काळ्या पडलेल्या वहीवर गेली. पाण्यातल्या मोटरींचे टर्न किती, तारेचा गेज कुठला, पिच काय, सगळं त्यात. ‘हीसुद्धा टाकूया ना काका?’

काका पहिल्यांदाच गप्प झाले. ‘ताई, तुमच्याकडं शेती हाय. माझी शेती ही वही हाय.’

सगळं ज्ञान फुकट हवं, असं आपण एसी ऑफिसात बसून सहज म्हणतो. आपला पगार पहिल्या तारखेला जमा होतो. काकांचा मोटर जळल्यावर होतो. अहमदाबादच्या प्रा. अनिल गुप्तांच्या ‘हनी बी नेटवर्क’नं 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावचं ज्ञान गोळा केलं, तेही याच नियमानं: ज्याचं ज्ञान त्याचं नाव लावायचं, आणि ते त्याच्या भाषेत त्याला परत द्यायचं. मधमाशी मध नेते, पण फुलाला लुटत नाही.

मग आम्ही वहीचे दोन भाग केले. ‘घरी करा’ आणि ‘दुकानात न्या’. बटण, गाळणी, गीझरचा थर पहिल्या भागात. वाइंडिंग दुसऱ्यात, आणि तिथे परिसरातल्या त्या-त्या कारागिराचं नाव, त्याच्या परवानगीनं. काका हसले. ‘बटणवालं गिऱ्हाईक गेलं तर बरंच. त्याच्या नादात मोटरवालं खोळंबतंय.’

आतापर्यंत सतरा नोंदी झाल्यात. त्यातल्या दोन आईच्या. कुकरच्या शिटीचं भोक कसं साफ करायचं, हे काकांनाही नीट माहीत नव्हतं!

निघताना काकांनी काळी वही फळीवरून काढली, झटकली, परत ठेवली. त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याला हे अक्षर लागत नाही.

‘दिवाळीला निवांत या,’ ते म्हणाले. ‘एक-दोन पानं वाचून दावतो. टाकायचं का न्हाई, मग बघू.’

मी दिवाळीचं तिकीट काढलंय. मिक्सर मात्र कार्टमधून काढून टाकला.