कललेली गाडी

सिरसाळा परिसरात ज्यांनी बैलगाडी हाकली आहे, त्यांना भाराचे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. माल मागे अधिक झाला तर गाडी उलाळ होते. पुढे अधिक झाला तर जू बैलांच्या मानेवर रुतते. घरच्या मोटारीलाही हाच न्याय लागू आहे. फरक इतकाच, की तिचा भार डोळ्यांना दिसत नाही.

परळी ते तेलगाव रस्त्यावर वर्षानुवर्षे माणसे आणि सामान वाहिलेली टवेरा किंवा क्वालिस एका अंगाला कलली, तर त्यात नवल नाही. या गाड्यांच्या पुढील चाकांना टॉर्शन बार असतात आणि मागील बाजूस पोलादी पाटे. टॉर्शन बार म्हणजे पीळ देऊन बसविलेला पोलादी दांडा. त्याच्या टोकाशी असलेला बोल्ट आवळला की पीळ वाढतो आणि गाडीची ती बाजू उचलली जाते. पाट्यांना अशी सोय नाही.

येथेच मोह होतो. समजा, उजवी बाजू खाली बसली आहे आणि उद्या कुटुंबातील सात-आठ जणांना लग्नाला जायचे आहे. उजवा बोल्ट आवळला की गाडी अंगणात सरळ दिसते. परंतु मूळ दोष मागील उजव्या पाट्याच्या तुटलेल्या पानात असेल, तर तो तसाच राहतो. शिवाय पुढील उजव्या आणि मागील डाव्या चाकावर अधिक भार पडतो, तर उरलेली दोन चाके हलकी होतात. एक पाय आखूड असलेल्या चौरंगासारखी ही स्थिती असते. पावसात अचानक ब्रेक दाबावा लागला, तर हलके चाक आधी घसरते आणि गाडी एका बाजूला ओढली जाते. बाहेरून सरळ दिसणारी गाडी अशा वेळी कललेल्या गाडीपेक्षा अधिक फसवी ठरते.

म्हणून क्रम सांभाळावा. प्रथम जागा पाहावी. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरील अंगण सपाट असेलच असे नाही. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन चारही चाकांखालची पातळी तपासावी. गाडीतील सामान काढावे आणि टायरमधील हवा योग्य दाबाची करावी. मग प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजल्यास झिजलेला टायरही हिशेबात येतो आणि निष्कर्ष चुकतो.

त्यानंतर पाटे, रबरी बुश आणि सांधे तपासून दुरुस्ती करावी. बोल्टाकडे वळावे ते सर्वांत शेवटी. त्याची मूळ जागा रंगाने खूण करून ठेवावी. गाडी जॅकने उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. दांड्यात मोठी शक्ती कोंडलेली असते, म्हणून हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. बोल्ट थोडाच फिरवावा, गाडी खाली उतरवून थोडी पुढे-मागे चालवावी, म्हणजे ती आपल्या जागी बसते. मगच पुन्हा मोजावे. एक बाजू उचलली की दुसरीचे मापही बदलते, म्हणून दर वेळी चारही मापे घ्यावीत. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या उंचीपलीकडे जाऊ नये. अखेरीस चाकांची अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत तपासावा, कारण उंची बदलली की दोन्ही बदलतात.

१९५५ साली सित्रोएन कंपनीने डीएस ही मोटार आणली. भार वाढला तरी तेल आणि वायूच्या दाबावर ती आपली उंची आपणच राखत असे. जुन्या टवेराला तशी सोय नाही. तिची पातळी राखायची तर मोजपट्टी, पाण्याची नळी आणि एक सकाळ पुरते. पाटा तुटलेला आढळला, तर लग्नाला एस. टी. ने जावे.