यकृताचे दुखणे आणि फिके रक्त

चेन्नईच्या दक्षिणेस, पळ्ळिकरणैच्या पाणथळीजवळ, पेरुंगुडी ही वस्ती आहे. आज तेथे संगणक-कंपन्यांच्या कचेऱ्या उभ्या असून नोकरीनिमित्त गेलेली मराठी कुटुंबेही तेथे राहतात. अशा घरातील यकृताच्या जुन्या दुखण्याने आजारी असलेले वडीलधारे माणूस फिके दिसू लागले, जिना चढताना त्याला धाप लागू लागली, की ‘वय झाले’ किंवा ‘इकडची हवा मानवली नाही’ असे म्हणून सारे स्वस्थ बसतात. वाचकहो, हे स्वस्थ बसणे धोक्याचे आहे.

यकृत आणि रक्त यांचे नाते आपल्या पूर्वजांनीही ओळखले होते. चरकसंहितेत काविळीचे, म्हणजे कामलेचे, वर्णन पांडुरोगाच्याच अध्यायात येते. आजचे वैद्यक या नात्याची कारणे सांगते. यकृत व्रणांनी कठीण झाले की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते. तुंबलेले रक्त आडवाटांनी जाऊ लागते. अन्ननलिकेच्या व जठराच्या शिरा फुगतात आणि त्यांतून रक्त झिरपते किंवा एकाएकी फुटून वाहते. त्याच दाबाने प्लीहा वाढते व तांबड्या पेशींना अडवून त्यांचा नाश करते. शरीरातील लोहाच्या शोषणावर ताबा ठेवणारे हेप्सिडिन हे द्रव्यही यकृतातच तयार होते. त्याचा तोल बिघडला की लोहाचा व्यवहारही बिघडतो. मद्यपान असेल तर हाडांतील मगजालाच इजा पोहोचते आणि फोलिक आम्लाची वाण पडते.

या फोलिक आम्लाचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषीने 1928 पासून तेथील गरोदर गिरणी-कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे 1931 मध्ये प्रसिद्ध केले. यकृताच्या साध्या अर्कानेही गुण येई. अर्कातील ते गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फोलिक आम्ल ठरले.

मग घरच्यांनी काय करावे? प्रथम रक्त तपासून घ्यावे. पुरुषात हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला 13 ग्रॅमच्या खाली व स्त्रीत 12 च्या खाली असेल, तर रक्तक्षय समजावा. परंतु दुकानातून लोहाचे टॉनिक आणून सुरू करू नये. कारण लोहाची कमतरता नसेल, तर जादा लोह यकृतालाच अपाय करते. आणि यकृत आजारी असता फेरिटिनची तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. रक्तक्षय कशामुळे आहे, हे डॉक्टरांनी ठरवल्यावरच औषध घ्यावे.

जेवण मात्र सकस असावे. शेवग्याचा पाला, ज्याला तेथे मुरुंगै कीरै म्हणतात, डाळी व पालेभाज्या अवश्य द्याव्यात. ‘यकृत नाजूक आहे’ म्हणून डाळ-दूध तोडणे किंवा उपास घडवणे हितकर नाही. पोटात पाणी झाले असेल तर लोणची, पापड व जास्त मीठ टाळावे. मद्य पूर्ण बंद. अंगदुखीची गोळी विचारल्याविना देऊ नये. काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

शौच डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली, किंवा रुग्ण बरळू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घटकेस रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, म्हणून गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना सांगा. ‘भरपूर रक्त चढवा’ असा आग्रहही धरू नये. अशा रक्तस्रावात हिमोग्लोबिन 7 ग्रॅमच्या खाली गेल्यावरच रक्त देण्याचा संयम अधिक हितावह असल्याचे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बार्सिलोना येथील संशोधनाने दाखवले. कारण जादा रक्ताने शिरांतील दाब वाढतो. निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

रक्तक्षयाचे कारण सापडले, तर बहुधा उपायही सापडतो. थकलेल्या माणसाच्या फिक्या चेहऱ्याला वयाचे नाव देण्याआधी, त्याच्या रक्ताची एक तपासणी तेवढी करून घ्या.